धनत्रयोदशीच्या तोंडावर दुकान नकाशावरून गायब: नाशिकच्या भांडी बाजारातलं एक प्रकरण

नाशिकमधल्या लहान दुकानांचं ऑनलाइन काम मी बघते. हे प्रकरण २०२४ सालचं आहे. दुकानदारांना विचारून लिहिते आहे. नाव, आडनाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. घडल्याचा क्रम आणि आमच्या चुका मात्र आहेत तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

भांडी बाजारातलं तांब्या-पितळेचं दुकान, तिसरी पिढी. थोरले मालक सत्तरी ओलांडलेले, सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणतो. रोजचा व्यवहार आता मुलगा बघतो. हंडे, घागरी, तपेली, पराती, समया, पळी-पंचपात्री असा माल. त्यात काही ठोक्याची भांडी, म्हणजे कारागिरानं हातोडीनं मठारलेली. अंगावर चमकणारे ठिपके दिसायला छान असतातच, शिवाय ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. आजोबांच्या काळापासून भांड्याच्या बुडाला दुकानाचा लहानसा शिक्का मारतात. गिऱ्हाइकानं सांगितलं तर भांड्यावर नावही घालून देतात. लेकीच्या लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख असायची, ती याच दुकानात कितीतरी घरांनी कोरून घेतली.

धनत्रयोदशीला नवं भांडं घरात आणायची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे या धंद्यात त्या एका दिवसाचं मोल मोठं.

ऑनलाइन म्हणावं असं फारसं नव्हतं. एका भाच्यानं पूर्वी कधीतरी गुगलवर दुकानाची नोंद केली होती, पाटीवर आहे त्याच नावानं. तिच्यासोबत गुगल एक फुकट एकपानी वेबसाइट द्यायचं, तीही चालू केली होती. त्या साइटचा पत्ता पिशव्यांवर आणि बिलांवर छापलेला होता. मार्च २०२४ मध्ये गुगलनं या सगळ्या फुकट साइट बंद केल्या. १० जूनपर्यंत त्या पत्त्यावर आलेला माणूस दुकानाच्या नोंदीकडे वळवला जात होता, त्यानंतर तेही थांबलं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं फोन करून सांगितलं, "तुमची साइट उघडत नाही," तेव्हा मुलाला कळलं. त्याच आठवड्यात त्यानं एका एजन्सीला काम दिलं.

एजन्सीनं काय केलं

गुगलवरच्या नोंदीत दुकानाच्या नावापुढे "तांबे पितळ भांडी होलसेल स्वस्त नाशिक" अशी शेपटी लावली. नवी वेबसाइट काढली आणि तिच्यावर चौऱ्याऐंशी पानं चढवली: सिडकोत तांब्याची भांडी, सातपूरमध्ये तांब्याची भांडी, देवळालीत, नाशिकरोडला, मखमलाबादला. मजकूर एकच, फक्त भागाचं नाव बदललेलं. इंदिरानगर आणि गंगापूर रोडला नातेवाइकांचे फ्लॅट होते, ते पत्ते देऊन दोन "शाखा" उघडल्या. तिथं ना दुकान ना भांडं. शिवाय पंधरवड्यात साठेक पंचतारांकित अभिप्राय आले. ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नाशिक पाहिलंही नसावं.

हे का केलं ते समजून घेतलं पाहिजे. जवळचं दुकान दाखवताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं आणि त्या उघड सांगतंही: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची ख्याती. पाथर्डी फाट्यावर बसून कुणी "तांब्याचा हंडा" शोधला तर जुन्या नाशिकच्या गल्लीतलं दुकान अंतरातच मागे पडतं. ते अंतर तोडायला खोट्या शाखा, जुळणी वाढवायला नावाची शेपटी, ख्यातीसाठी विकतचे अभिप्राय.

आणि याचा उपयोग झाला, हे मला लपवायचं नाही. नावात शब्द कोंबले की नोंद वर सरकते, म्हणूनच लोक ते करतात. गणपतीच्या आधी समया आणि ताम्हनांसाठी फोन वाढले, मुलगा खूश होता. त्या वेळी मी सल्ला द्यायला गेले असते तर त्यानं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

अडचण

दसरा १२ ऑक्टोबरला होता. ९ तारखेला नोंद निलंबित झाली, दोन्ही शाखांसकट. नकाशावर दुकान दिसेना. फोन नंबर, वेळ, रस्ता, वर्षानुवर्षांचे खरे अभिप्राय, सगळं एका सकाळी गेलं.

एरवी फोन कमी झाले एवढंच झालं असतं. पण सिडकोतून आलेल्या एका बाईंनी नकाशात दुकानाचं नाव टाकलं, नकाशानं त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्याच दुकानात नेलं आणि तिथं कुणीतरी म्हणालं, "ते होय, ते बंद झालं." दोन दिवसांत बाजारात बोलणं पसरलं की अण्णांनी दुकान विकलं. अण्णा मला पहिल्या भेटीत जे म्हणाले ते याबद्दलच होतं. "गुगलवर दिसलो नाही तरी चालेल हो. पण मी दुकान विकलं असं कुणी म्हणावं?"

मुलानं मला ११ तारखेला बोलावलं. सगळ्यात आधी मी विचारलं, नोंद कुणाच्या मेल आयडीवर आहे? मुख्य मालकी एजन्सीकडे. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, तोही त्यांच्याच नावावर. सत्तर वर्षांच्या दुकानाचं ऑनलाइन नाव दुकानाच्या मालकीचं नव्हतं.

समोरचे पर्याय

एजन्सीचं म्हणणं होतं, जुनी नोंद सोडा, नवीन काढू, चार दिवसांत वर आणून देतो. मोह पडावा असाच मार्ग होता. पण जुनी नोंद निलंबित असताना त्याच दुकानाची नवी नोंद काढणं नियमात बसत नाही. तीही उडाली असती आणि जुने खरे अभिप्राय कायमचे गेले असते.

दुसरा मार्ग, नोंदीचा नाद सोडून धनत्रयोदशीपर्यंत सगळा पैसा जाहिरातींत घालायचा.

तिसरा मार्ग, जे खोटं आहे ते काढायचं, कागदपत्रं जोडून दाद मागायची आणि वाट बघायची. या मार्गात धनत्रयोदशी हातून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त होती, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं.

तिसरा मार्ग धरायचा आणि जोडीला थोडी जाहिरात, असं ठरलं. अण्णा फार बोलले नाहीत. "आपलं आहे ते आपल्या नावानं परत आणा," एवढंच.

मालकी मिळवायचे दोन रस्ते होते. गुगलकडे रीतसर विनंती करता येते, आताच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात आणि त्यानं नकार दिला तर वाद वाढतो. किंवा एजन्सीचं उरलेलं बिल देऊन सगळं ताब्यात घ्यायचं. नुकसान त्यांच्यामुळे झालं, वर पैसेही द्यायचे, याला मुलगा तयार नव्हता. अण्णांनी दिले. १४ ऑक्टोबरला नोंद, डोमेन आणि पासवर्ड दुकानाच्या हातात आले. तत्त्वाला धरून बसलो असतो तर दिवाळीनंतरही भांडत राहिलो असतो.

पहिला अर्ज आणि माझी चूक

त्याच संध्याकाळी मी अर्ज भरला. नाव पुन्हा पाटीप्रमाणे केलं होतं. पण दोन खोट्या शाखा त्याच खात्यात तशाच होत्या, त्या काढायच्या राहिल्या. पुरावे जोडण्याचा फॉर्म उघडला की साठ मिनिटांत सगळं भरावं लागतं. हे मला माहीत असूनही कागद आधी जमवून ठेवले नव्हते. घड्याळ चालू झाल्यावर शोधाशोध. हाताला लागलं ते लाइट बिल दिवंगत आजोबांच्या नावाचं, नोंदीतल्या नावाशी न जुळणारं. तेच जोडलं. १८ तारखेला अर्ज नामंजूर झाला.

धनत्रयोदशीला अकरा दिवस उरले होते. या चार दिवसांची जबाबदारी माझी होती.

मग शाखा काढल्या. जीएसटी प्रमाणपत्र आणि शॉप अॅक्टची नोंदणी घेतली, दोन्हींवर पाटीवरचंच नाव होतं. गल्लीच्या तोंडापासून दुकानाच्या पाटीपर्यंतचे फोटो काढले. फेरतपासणीच्या विनंतीत काय चुकलं होतं, काय काढलं, काय दुरुस्त केलं ते सरळ लिहिलं. खोट्या शाखांबद्दल लिहावं की नको यावर मुलगा आणि मी बराच वेळ बोललो. गप्प राहिलो असतो तरी ते त्यांना दिसतच होतं. २१ तारखेला विनंती पाठवली.

चौऱ्याऐंशी पानांचं काय करायचं

या निर्णयावर मी बराच विचार केला, आणि इथंही माझा पहिला सल्ला चुकला.

मार्च २०२४ पासून गुगलनं शोधात वर येण्यासाठी घाऊक भावात तयार केलेल्या पानांबद्दलचं धोरण कडक केलं आहे. ती पानं यंत्रानं लिहिली की माणसानं, हा मुद्दा नाही. वाचणाऱ्याच्या पदरात काही पडतं की नाही, हा आहे. आमची पानं या व्याख्येत अचूक बसत होती. तरी काही पानांवरून थोडी माणसं येत होती. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत ती दहा-बारा ठेवू, मग दुरुस्त करू.

अण्णांनी पानं पाहिलेली नव्हती. मुलानं मोबाइलवर एक पान उघडून दिलं, ते चष्मा लावून ओळ न् ओळ वाचायला लागले. मध्येच थांबले. "तांब्याच्या कळशीत ताक रात्रभर ठेवल्यास आरोग्यास लाभदायक." त्यांनी ते वाक्य मोठ्यानं पुन्हा वाचलं.

"ताक? तांब्यात? कळकेल ना ते! आपल्या नावाखाली लिहिलंय हे?"

ज्यांच्या घरात कधी कल्हई उडालेलं भांडं वापरलं गेलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. आंबट पदार्थ तांब्या-पितळेशी लागला की धातू त्यात उतरतो, चव बिघडते, पोट बिघडतं. म्हणून तर स्वयंपाकाच्या पातेल्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, लावायची. पाण्याच्या हंड्याला ती लागत नाही. भांडं विकणाऱ्यानं हे सांगायचं असतं. इथं दुकानाचंच नाव नेमकं उलटं सांगत होतं, आणि एका पानावर ते होतं म्हणजे चौऱ्याऐंशी पानांवर होतं.

पानं त्याच रात्री काढली, सगळी. आधी मी ती फक्त गुगलच्या नियमांच्या चष्म्यातून तपासली होती. मजकूर खरा आहे की खोटा, हे मी वाचलंच नव्हतं.

त्यांच्या जागी पाच पानं आली. अण्णा बोलले, मी टाइप केलं. कोणत्या भांड्याला कल्हई लागते, भांडं तापवून नवसागर टाकून कथील कसं फिरवतात, चिंच-मिठानं घासल्यावर लगेच का धुवायचं, ठोक्याचं भांडं आणि यंत्रावर दाबलेलं भांडं हातात घेऊन कसं ओळखायचं. वाक्यं त्यांचीच ठेवली.

कल्हई पहिल्या पानावर घेण्याचं कारण आकड्यांत होतं. कोणते शब्द टाकून लोक आपल्यापर्यंत येतात, त्याची यादी गुगल दुकानदाराला दाखवतं. मालकी हातात आल्यावर ती आम्ही पहिल्यांदा बघितली. "होलसेल स्वस्त" वगैरे शब्द तळाला होते. वर होतं दुकानाचं नाव, निरनिराळ्या स्पेलिंगांत, बहुतेक रोमन लिपीतलं मराठी. आणि त्याखाली कल्हई: कल्हईवाला, कल्हई कुठे करून मिळेल, पितळी पातेल्याला कल्हई नाशिक. दुकान कल्हई करून द्यायचं, पण मागच्या अंगाला, जुन्या गिऱ्हाइकांची सोय म्हणून. त्यात सुटतं ते काय? पाटीवर त्याचा उल्लेखही नव्हता. शहरातली माणसं आजीचं पातेलं घेऊन कल्हईवाला शोधत फिरत होती आणि आम्ही त्यांना घाऊक भाव सांगत होतो.

आपल्याच नावावर दुसऱ्याची जाहिरात

नोंद गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसायला लागली. दुकानाचं नाव शोधलं की सर्वांत वर दुसऱ्या एका दुकानाची जाहिरात. मुलाला वकिलाची नोटीस पाठवायची होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं १० ऑगस्ट २०२३ रोजी, अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावावरून झालेल्या वादात, दुसऱ्याचा ट्रेडमार्क जाहिरातीसाठी कीवर्ड म्हणून (म्हणजे तो शब्द शोधला की आपली जाहिरात दिसावी म्हणून) वापरणं म्हणजे आपोआप उल्लंघन नव्हे, असं म्हटलं आहे. ग्राहकाची फसगत होत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा गुगललाही अंग झटकता येणार नाही, असंही त्याच निकालात आहे. समोरच्या जाहिरातीत आमचं नाव कुठंच नव्हतं. शिवाय आमचा ट्रेडमार्क नोंदवलेलाच नव्हता. नोटिशीचा विषय तिथंच सोडला आणि स्वतःच्या नावावर एक छोटी जाहिरात लावली. जाहिरातीची जागा गुगल लिलावानं देतं, पण त्यात नुसती बोली चालत नाही, जाहिरात आणि पान शोधाशी किती जुळतं तेही बघितलं जातं, त्यामुळे आपल्या नावावरचा क्लिक आपल्याला स्वस्त पडतो.

शिक्का

उरले ते दिवस जुन्या गिऱ्हाइकांचे. कल्हईला आलेलं भांडं कुणाचं ते कळावं म्हणून दुकानात एक वही असते, नाव आणि फोन नंबर. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून मुलानं आणि दुकानातल्या पोरानं एकेकाला निरोप पाठवला. काय पाठवायचं यावर मी सवलतीचा मजकूर सुचवला होता. मुलानं तो बाजूला ठेवून घरातल्या जुन्या घागरीच्या बुडाचा फोटो काढला. त्यावर शिक्का. खाली ओळ: "हा शिक्का तुमच्या घरात आहे का? दुकान आहे तिथंच आहे. धनत्रयोदशीला या."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोटो यायला लागले. सिन्नर, दिंडोरी, पुणे, ठाणे. उलटी धरलेली तपेली, झिजलेली बुडं, काहींवर शिक्क्याचा अर्धाच भाग उरलेला. एकीनं आईच्या लग्नातली परात पाठवली, नाव आणि साल दोन्ही दिसत होतं. अण्णा फोटो मोठा करून अक्षरं बघत आणि कोणत्या कारागिरानं कोरलीत ते सांगत. ब्रँड या शब्दावर मी आजवर पुष्कळ बोलले आहे, लोकांना समजावलं आहे. त्या दोन दिवसांत मी बहुतेक वेळ नुसती बघत बसले.

ज्यांनी परवानगी दिली त्यांचे फोटो साइटवर घेतले. खरा अभिप्राय लिहाल का, एवढंच त्यांना विचारलं. काउंटरवर "पाच तारे द्या, सूट घ्या" असा कागद चिकटवलेला होता, तो काढला. अभिप्रायासाठी सूट देणंही गुगलच्या नियमांत बसत नाही.

निष्पत्ती

२९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, दुकान नकाशावर नव्हतं. दिवसभराचा गल्ला अण्णांच्या वहीप्रमाणे आदल्या वर्षीपेक्षा कमीच भरला. नवीन गिऱ्हाईक तुरळक होतं, जुनं मात्र आलं, काही जण फोटोतलं तेच भांडं कल्हईला घेऊन. दुकान विकल्याची बातमी त्या गर्दीनंच संपवली.

नोंद ७ नोव्हेंबरला परत आली. विकतचे अभिप्राय बहुतेक गेले, त्यांच्याबरोबर काही खरेही गेले, ते काही मिळाले नाहीत. वेबसाइटवर येणाऱ्यांची संख्या एजन्सीच्या काळापेक्षा आजही कमी आहे. फोन करणाऱ्यांत कल्हईचे फोन सर्वांत जास्त, आणि कल्हईला आलेला माणूस दुकानात उभा राहतो, चार भांडी हाताळतो.

ट्रेडमार्कसाठी आम्ही आडनावाऐवजी शिक्क्याच्या चित्राचा अर्ज केला, घरगुती भांड्यांच्या एकविसाव्या वर्गात. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४५०० रुपये पडते. "नाशिक", "तांबे" असे शब्द एकट्याच्या मालकीचे करून मागण्यात अर्थ नव्हता. ते गावाचे आणि धातूचे शब्द आहेत, आणि नाशिकच्या भांड्यांचं नाव साऱ्या तांबट कारागिरांनी मिळून कमावलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्ये काम देताना नोंद आणि डोमेन दुकानाच्या मेल आयडीवर ठेवून एजन्सीला फक्त व्यवस्थापकाचा अधिकार दिला असता, तर निलंबनानंतरचे पहिले पाच दिवस वाचले असते. हंगामाच्या तोंडावर नावात बदल करायलाच नको होता. आणि वेबसाइटचं एक पान, फक्त एकच, जुलैमध्ये अण्णांना वाचायला दिलं असतं, तर बाकी त्र्याऐंशी कधी चढलीच नसती. मुलगा म्हणतो, "अण्णांना यातलं काय कळणार असं वाटलं." मीही कामाला लागल्यावर आधी मुलाशीच बोलत होते.

माझ्या बाजूनं सांगायचं तर पहिला अर्ज चार दिवस उशिरा, पण कागद टेबलावर मांडून आणि शाखा काढून भरला असता, तर कदाचित तो पहिल्याच फेरीत मंजूर झाला असता. आता मी प्रत्येक दुकानात पहिल्या दिवशी पाटीचा फोटो, जीएसटी प्रमाणपत्र आणि लाइट बिल शेजारी शेजारी ठेवून तिन्हींवरचं नाव वाचते. या दुकानाचं लाइट बिल अजून आजोबांच्याच नावावर आहे, बदलाचा अर्ज केलेला आहे.

एक गोष्ट मात्र पूर्ण पुसता आली नाही. इंदिरानगरच्या "शाखेचा" फोन नंबर एव्हाना दुकानांचे पत्ते देणाऱ्या दोन-तीन इतर ऑनलाइन निर्देशिकांनी उचलला होता. तो मुलाच्या वहिनींचा नंबर आहे. अजूनही संध्याकाळी कुणीतरी त्यांना फोन करून हंड्याचा भाव विचारतं. वहिनी कुकर बंद करतात आणि भांडी बाजारात कसं यायचं ते समजावून सांगतात.